पुढून पक्कं, मागून कच्चं

सरकारी शाळेतल्या बाईला शिकवणं सोडून बाकी सगळं यावं लागतं. मी आजवर माणसं मोजली, जनावरं मोजली, मतदार मोजले, एका वर्षी तर संडास मोजले. त्यामुळे 'सरकारी घरकुलासाठी घर नसलेल्या कुटुंबांची पाहणी करावी' असा हुकूम तालुक्याहून आला तेव्हा मला नवल वाटलं नाही, राग मात्र आला. राग मला लवकर येतो. घरच्यांना त्याची सवय झाली आहे, वर्गातल्या पोरांना झाली आहे, सरकारला अजून व्हायची आहे.

गाव माझ्या शाळेचंच होतं. मी कर्नाटकाच्या हद्दीत, भालकीला राहते आणि रोज सकाळी उदगीरकडे जाणाऱ्या बसनं तिथं उतरते. बारा वर्षं तिथं शिकवल्यामुळे गावातला प्रत्येक उंबरा आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज होता. गाव अलीकडं बरंच वाढलं आहे. साखर कारखान्यावर कामाला आलेले परगावचे लोक इथं भाड्यानं राहतात. हुमनाबादच्या ढाब्यांवर आणि कारखान्यांत जाणारी पोरं आठवड्याला परत येतात, त्यांची लग्नं होतात, त्यांना पोरं होतात, आणि घर मात्र आजोबांनी बांधलं तेवढंच राहतं. तेव्हा पाहणी व्हायला हवी हे मलाही पटत होतं. ती मी का करायची, तेवढंच पटत नव्हतं.

भालकीत एक दिवस प्रशिक्षण झालं. शिकवणारे साहेब कन्नडमध्ये बोलत होते. मला कन्नड सगळं कळतं, बोलताही येतं, फक्त चिडले की तोंडातून मराठीच निघते. साहेबांनी मोबाइलवरचं ॲप दाखवलं. भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती, फ्रिज आहे का, दुचाकी आहे का, असे त्यात प्रश्न होते. शेवटी घरच्या प्रमुखाला मुख्य दारासमोर उभं करून फोटो काढायचा आणि समोरचा माणूस खरोखर जिवंत आहे हे ॲपला कळावं म्हणून त्यानं डोळे मिचकावायचे. मी हात वर करून विचारलं, "एका घरात तीन भाऊ राहत असले तर कुटुंब एक धरायचं का तीन?"

साहेब म्हणाले, "चूल बघा. जितक्या चुली तितकी कुटुंबं."

"असं सांगू नका साहेब," मी मराठीत म्हणाले, "घोटाळा होईल." ते कन्नडमध्ये हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

चुलीची बातमी माझ्या आधीच्या बसनं गावात पोचली होती. पहिल्याच घराच्या अंगणात चार ठिकाणी तीन-तीन दगड मांडलेले दिसले. दगडांना काजळी नव्हती, मध्ये राख नव्हती, एका चुलीवर कोंबडी बसली होती. घरचे चारही भाऊ चार कोपऱ्यांत तोंडं फिरवून उभे होते, भांडण झाल्यासारखे. हे चौघं आदल्या रविवारी एका ताटलीत भजी खाताना मी स्टँडवर पाहिले होते. मी तसं म्हणाले तर थोरला म्हणाला, "तवा एकत्र होतो बाई. सोमवारी वायले झालाव."

पुढच्या घरात तर दगडसुद्धा मांडायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. स्वयंपाकघरात ओट्यावर गॅसची एकच शेगडी, आणि तिच्या दोन बाजूंना सासू आणि सून.

"कुटुंबं दोन म्हणायलाव, शेगडी तर एकच हाय की," मी म्हणाले.

"बर्नर दोन हायत की बाई," सासू म्हणाली. "डावा माझा, उजवा तिचा."

"आन् सिलिंडर?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. "सिलिंडर सामाईक हाय," सून म्हणाली, आणि सासूनं मान डोलावली. त्या दोघींचं इतकं एकमत मी बारा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. केवळ त्या आनंदात मी तिथं चहा घेतला.

गल्लीच्या टोकाला एक दुमजली घर आहे. गच्ची आहे, गच्चीवर पाण्याची टाकी आहे, आणि टाकीवर मोठ्या अक्षरांत घराण्याचं नाव आहे. त्या घराचे मालक पूर्वी पंचायतीचे सदस्य होते, सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. मी पोचले तेव्हा अप्पा घर सोडून शेजारच्या गोठ्याच्या दारात, फाटक्या बनियनवर, हात जोडून उभे होते.

"हेच आमचं घर, बाई. काढा फोटो."

आत अंधारात म्हैस रवंथ करत होती. "आन् ही कोण?" मी विचारलं.

"तीबी ऱ्हाती आमच्यासंगं," अप्पा म्हणाले, जरा हळव्या आवाजात.

एवढ्यात वरून, गच्चीच्या कठड्यावरून, त्यांच्या मंडळींनी हाक मारली. "अव्वं बाई, उन्हात कामून उभारलाव? वर या की, कूलर लावलाय!"

अप्पांनी वर पाहिलंच नाही. "शेजारीण हाय," ते मला म्हणाले.

मी तिथून निघाले तेव्हा माझा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असं नंतर लोकांनी सांगितलं. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. म्हशीबद्दल थोडं वाटलं, कारण ती दचकली.

ज्यांना खरोखरच घर नव्हतं त्यांची तऱ्हा उलटी होती. बाई येणार, फोटो निघणार, हे कळल्यावर त्यांनी घर सजवलं. आमच्याकडं फोटो म्हटलं की माणूस चांगला दिसायच्या खटपटीला लागतो, त्या फोटोवरून सरकार काय ठरवणार आहे याचा तो विचार करत नाही. कुडाच्या भिंतींना ताजं सारवण, वर चुन्याची रेघ, दारात मागून आणलेली खुर्ची, तिच्यावर कुणाच्या तरी लग्नातली फुलाफुलांची चादर. "अहो, मोडकं दिसू द्या की जरा!" असं मी घरोघरी ओरडत होते. ते हसायचे आणि लेकराचं नाक पुसून त्याला फोटोसाठी पुढं करायचे.

एका नव्या जोडप्याच्या झोपडीत लग्नात आलेला मोठा लाल फ्रिज होता. घरात वीज नव्हती. ॲपमध्ये 'फ्रिज आहे का' याला 'हो' आणि 'नाही' एवढी दोनच उत्तरं होती, आणि 'हो' दाबलं की नाव यादीबाहेर जाणार हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी फ्रिज उघडायला लावला. वरच्या कप्प्यांत घड्या घातलेल्या साड्या, खाली तूरडाळ, दारात अंड्यांच्या जागी बांगड्या. मी विचार करून 'नाही' दाबलं. ज्यात साड्या ठेवतात त्याला मी कपाट म्हणते, आणि कुणी विचारलंच तर तसं लिहून द्यायची माझी तयारी होती.

मग अक्काचं घर आलं.

अक्का आमच्या शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक करते. वयानं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, बोलायला कमी, हाताला चव. मी शाळेत चिडले की ती काही न बोलता माझ्यापुढं चहा ठेवते, आणि ती दिवसातून किती वेळा चहा करते यावरून हेडमास्तरांना माझ्या वर्गाची हालहवाल कळते. तिचा नवरा वारून बरीच वर्षं झाली. एकच मुलगा आहे, तो हुमनाबादजवळ एका ढाब्यावर तंदूरमध्ये रोट्या लावतो. स्वभावानं गरीब, निर्व्यसनी, तिशी ओलांडलेला, आणि लग्न व्हायचं राहिलेला. न होण्याचं कारण घर.

आमच्याकडं आता मुलगी बघायच्या आधी घर बघतात. मुलीकडचे दोन-तीन पुरुष मोटारसायकलीवर येतात, गल्लीतून हळूच चक्कर मारतात. घर पक्कं दिसलं तर उतरतात, पत्र्याचं दिसलं तर रस्ता चुकल्यासारखं करून तसेच पुढं जातात. अक्काच्या दारावरून अशा तीन मोटारसायकली रस्ता चुकून गेल्या. चौथी जाऊ नये म्हणून तिनं भिंत बांधली. फक्त समोरची. विटांची, सिमेंटची, गिलावा केलेली, वर छज्जा, मधोमध लोखंडी दार. बाकी तिन्ही बाजूंना जुने पत्रे आणि पत्र्यांच्या भोकांत पोत्यांचे बोळे. भिंतीला रंग कोणता द्यावा हे तिनं मला विचारलं होतं. मी निळा सांगितला. "दोन हात दे, एका हातानं फिका दिसतो," असंही वर सांगितलं.

पाहणीच्या दिवशी मी फॉर्ममध्ये भिंत पत्र्याची, छप्पर पत्र्याचं, खोली एक, असं खरं ते लिहिलं. अक्का निळ्या भिंतीसमोर उभी राहिली, सांगितल्यावर डोळे मिचकावले, आणि फोटो गेला. दोन दिवसांनी पंचायतीत कच्ची यादी लागली. अक्काच्या नावापुढं लिहिलं होतं, पक्कं घर, अपात्र. सासू-सुनेचे दोन्ही बर्नर मात्र पात्र ठरले होते.

मी तशीच पंचायतीचे विकास अधिकारी, ज्यांना सगळे पीडीओ म्हणतात, त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. माणूस कलबुर्गीकडचा, तरुण, घरात कन्नड बोलणारा. माझ्याशी कन्नड बोलावं तर मी मराठीत भांडते हे ठाऊक असल्यामुळे ते माझ्याशी दखनीत बोलतात. त्यांनी संगणकावर फोटो उघडून माझ्याकडं वळवला. निळीशार भिंत, वर छज्जा, लोखंडी दार आणि दारात प्रसन्न हसणारी अक्का. ही बाई सुखात आहे असंच कुणीही म्हणालं असतं. रंग फोटोत फार उठून दिसत होता.

"साहेब, तुम्ही मागं जाऊन बघा एकदा. तीन बाजूंना पत्रा आहे."

"मैं नक्को बोलरा क्या, टीचर?" ते कळवळून म्हणाले. "ॲप नक्को बोलरा."

"मग मी मागून फोटो काढते."

"फोटो में मेन दरवाजा होना. पीछे दरवाजा है क्या?"

"नाही."

"होना," ते म्हणाले, म्हणजे हवा. मग माझ्याकडं न बघता, टेबलावरची काचेची गोळी फिरवत त्यांनी सांगितलं की दुरुस्तीसाठी ॲप गुरुवारी संध्याकाळपर्यंत उघडं आहे, आणि चहा प्यायला बाहेर गेले. माणूस वाईट नव्हता.

मी अक्काला शाळेत गाठलं. ती तांदूळ धूत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "दार पाडायला काय लागतंय, बाई. पत्राच हाय."

बुधवारी मुलगा ढाब्यावरून सुट्टी घेऊन आला आणि छिन्नी-हातोड्यानं मागच्या पत्र्यात माणूसभर भोक पाडलं. गावात एक जुनं घर पाडलं होतं, तिथलं लाकडी दार त्यानं आणून बसवलं. ते मुख्य दार वाटावं म्हणून आम्ही बराच खल केला. मी चपला तिकडं काढायला लावल्या, दाराच्या वर पानांचं तोरण बांधायला सांगितलं, आणि पाण्याचा हंडा पुढून उचलून मागं नेला. शेजारची म्हातारी हे सगळं बघत होती. तिनं विचारलं, "घर फिरवायलाव व्हय?" मी "व्हय" म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी शाळेत पोचले तर अक्का माझी वाट बघत फाटकात उभी. तोंडावर आनंद आणि भीती दोन्ही.

"बाई, तुमचा फोटो ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या म्हंजे? आज शेवटचा दिस हाय!"

"उदगीरचे पाव्हणे आजच यायलेत. पोरीकडचे. मोटारसायकलवाले भिंत बघून गेले की मागल्या महिन्यात. त्यांनीच धाडलंय."

"आन् घर नको व्हय तुला?"

"घर सुनंसाठीच की, बाई," अक्का म्हणाली. "सूनच न्हाई आली तर नव्या घरात मी एकली बसून काय करू?"

तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती, म्हणून मी आणखीच चिडले. चिडल्यावर मला उपाय सुचतात, त्यातले काही चांगले असतात. पाहुणे बारापर्यंत येणार होते. मी अकरालाच मागच्या दारी जाऊन फोटो उरकीन, पाहुणे पुढच्या दारी बसतील, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागणार नाही. हेडमास्तरांना मी 'सरकारी काम' एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

अकराला मी घरामागं मोबाइल हातात धरून उभी होते. ॲप उघडेना. सगळ्या तालुक्यातल्या बाया-मास्तर त्याच दिवशी तेच करत असणार. पडद्यावर गोल चाक फिरत होतं आणि खाली 'कृपया थांबा' असं कन्नडमध्ये येत होतं. मी पत्र्याच्या सावलीत गोवऱ्यांच्या ढिगावर टेकले. साडेअकराला पुढं जीप थांबल्याचा आवाज आला. पाहुणे लवकर आले होते.

पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं. गावातल्या बुद्धविहारातून आणलेल्या खुर्च्यांवर मंडळी बसली. मुलीचे वडील होते, मामा होता, आणि मुलीची आई होती. आई येईल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती भिंत अक्कानं मोटारसायकलीवरून बघणाऱ्या पुरुषांसाठी बांधली होती. बाई घर बघायला आली की आत शिरून बघते, हे आम्हा दोघी बायांना सुचू नये याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"रंग झ्याक हाय," मामा म्हणाला. त्याही परिस्थितीत मला बरं वाटलं.

मग सुशिल्याच्या बशा फिरल्या, मुरमुऱ्यांवरच्या कोथिंबिरीचा वास मागपर्यंत आला, आणि त्याच वेळी ॲप उघडलं. मी पत्र्यावर बोटांनी टकटक केली. अक्का नवी साडी सावरत घरातून पळत मागच्या दारात आली.

"डोळे मिचकाव."

तिनं मिचकावले. 'पुन्हा प्रयत्न करा.'

"आधी नीट उघड, मग मीट. ऊन आहे म्हणून अर्धे नको मिटू."

'पुन्हा प्रयत्न करा.'

"किती येळ मिचकू, बाई? तिकडं चहा उतू जायलाय!" असं म्हणून ती आत पळाली. चहा उतरवून, पुढं कप देऊन, पुन्हा पळत आली. आता तिनं ठरवलंच होतं. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती माझ्याकडं बघत जोरजोरात डोळ्यांची उघडझाप करू लागली, आणि मी मोबाइलमागून "आणखी, आणखी" करत होते. त्या क्षणी तिच्या मागं मुलीची आई येऊन उभी राहिली. होणारी विहीण पत्र्याच्या भोकात उभी राहून, गोवऱ्यांवर बसलेल्या एका परक्या बाईला सारखे डोळे मारते आहे, एवढं तिला दिसलं.

अक्काला माझ्या तोंडावरून कळलं. तिनं वळून पाहिलं आणि बाजूला झाली. मुलीची आई उंच, सावळी, कमी बोलणारी वाटत होती. तिनं पत्र्याला बोट लावलं. भोकातला पोत्याचा बोळा ओढून पाहिला, तो बाहेर आला, तिनं तो परत जागेवर बसवला. मग मला विचारलं, "तुमी कोण?"

शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करते, त्यामुळे मला पटकन खोटं सुचत नाही. "मी शाळेतली बाई," मी म्हणाले. "ह्यांना घर न्हाई म्हणून नाव यादीत घालायला आलेय."

तोंडातून गेल्यावर कळलं मी काय बोलले ते. मुलगी द्यायला आलेल्या आईला मी, सरकारच्या वतीनं, मुलाला घर नाही असं सांगितलं होतं. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. मला त्या गोवऱ्यांत गाडून घ्यावंसं वाटलं.

"खरं हाय," अक्का म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज मोकळा झाला होता. "पुढलं तुमच्यासाठी बांधलं. मागलं सरकारला दाखवायलाव. आमी मधल्यात ऱ्हातो."

मुलीची आई हसली नाही, निघूनही गेली नाही. तिनं कनवटीचा मोबाइल काढला आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला. मुलगी उदगीरला कापडाच्या दुकानात कामाला होती. पडद्यावर तिचं तोंड आणि मागं साड्यांचे ढीग दिसत होते. "बग गं," आई म्हणाली, "तुला ऱ्हायाचंय. तूच बग." आणि तिनं मोबाइल सगळीकडं फिरवला. पत्रा, पोती, चूल, दोरीवरचे कपडे, आणि शेवटी निळ्या भिंतीची आतली बाजू. तिला गिलावा नव्हता, नुसत्या विटा होत्या. आता 'राम राम' होणार आणि जीप निघणार अशी माझी खात्री झाली.

मुलीनं सगळं पाहून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आंघोळ कुठं करायची?"

माझ्या फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता. संडास आहे का, असा होता, आणि त्याला अक्काचं उत्तर 'हो' होतं. सरकारनंच मागं बांधून दिलेला, त्याला पाणी नाही म्हणून त्यात सरपण भरलेलं. फ्रिज विचारला होता, दुचाकी विचारली होती. अंग कुठं धुता, हे मी साऱ्या गावात एकाही बाईला विचारलं नव्हतं.

अक्का मुलीला उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्याकडं बघत होती. मग मान खाली घालून म्हणाली, "मी शाळेत करते."

अक्का रोज पहाटे सहाला शाळेत यायची. चूल पेटवायची असते दहाला. एवढ्या लवकर कशाला येतेस, असं मी तिला कधी विचारलं नव्हतं, उलट मला तिचं फार कौतुक होतं. एका पंधरा ऑगस्टला मी तिला झेंड्यापाशी बोलावून सगळ्या शाळेपुढं सांगितलं होतं, वेळ कशी पाळावी हे अक्काकडून शिका. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मान खाली घालून उभी होती, आणि मला वाटलं ती लाजली. बारा वर्षं ती शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं, गाव जागं व्हायच्या आत, अंगावर लुगडं ठेवून आंघोळ करत होती आणि ओल्या केसांवर पदर घेऊन मला चहा देत होती. मी आयुष्यात पुष्कळांवर चिडले आहे, पण त्या दिवशी माझ्यावरच जितकी चिडले तितकी कुणावर चिडले नव्हते. मला रडू येत होतं आणि हातातल्या मोबाइलवर ते चाक फिरतच होतं.

"मी शाळेत न्हाई करणार," पडद्यावरची मुलगी म्हणाली. ती उद्धटपणे बोलली नाही, साडीचा भाव सांगावा तसं सरळ सांगितलं. "भिंत कसली बी असू दे. चारी बाजूंनी आडोसा असलेलं न्हाणीघर आदी बांधा, मग माझं व्हय धरा. गिऱ्हाईक आलंय, ठेवते." आणि तिनं ठेवला.

पुढच्या बाजूला मामा अजून छज्ज्याची तारीफ करत होता. मुलीच्या आईनं मोबाइल परत कनवटीला लावला. माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमी काय बगत बसलाव? काढा की फोटो." आणि ती दारातून बाजूला सरकली.

अक्का पुन्हा पत्र्याच्या दारात उभी राहिली. मी मोबाइल धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिनं आपसूक डोळे मिटले, उघडले, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. फोटो गेला.

अक्काचं नाव यादीत लागलं. खूप खाली आहे. मी दर महिन्याला जाऊन विचारते आणि पीडीओ दर महिन्याला "आतै टीचर, आतै", येतंय येतंय, असं म्हणतात. त्यांनाही घर कधी येईल हे ठाऊक नाही. मुलगा मात्र थांबला नाही. पुढच्याच सुट्टीला त्यानं आणि अक्कानं निळी भिंत पाडायला घेतली. पहिली पहार अक्कानं मारली. मी रविवार असून गेले होते, विटा वाहून दिल्या. त्या विटांचं त्यांनी घरामागं न्हाणीघर बांधलं, डोक्याच्या वर जाईल एवढं उंच, आतून कडी. काही विटांना अजून निळा रंग आहे. पुढच्या बाजूला आता बाकीच्या तीन बाजूंसारखाच पत्रा आहे. लग्न विहारात झालं, सून त्याच घरात राहायला आली.

गेल्या महिन्यात शाळेत नवे मास्तर आले आहेत. शिस्तीचे दिसतात. परवा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून ते मला म्हणाले, "बाई, ही स्वयंपाकीण रोज पावणेदहाला येते. पूर्वी सहाला यायची म्हणतात. तुम्ही काहीच बोलत नाही?"

"आता ती घरी आंघोळ करून येते," मी म्हणाले.